नापास काज

नातवंडांनो, धाकट्याचं पत्र पोहोचलं. त्याच्या शाळेतल्या तक्त्यात घरच्या प्रत्येक माणसापुढे शिक्षणाची एक चौकट आहे. माझ्या चौकटीत त्यानं ‘बी.ए., इंग्रजी’ लिहिलं आणि विचारलंय, बरोबर ना आजी? बरोबर आहे, पण अपुरं आहे. माझ्या शाळेतल्या मुलींच्या वह्यांत अपुरं उत्तर मी कधी चालवून घेतलं नाही, त्याचंही घेणार नाही. म्हणून हे पत्र, तुम्हा दोघा भावंडांना. क्रमानं सांगते.

मी अकरा वर्षांची होते. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि मुलींनी शिकावं असं महाराजांना फार वाटे. पण महाराजांना वाटणं वेगळं आणि आमच्या आत्याला वाटणं वेगळं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती विधवा होती आणि घर तिच्या शब्दावर चाले. वडील दरबारात कारकून होते. मला इंग्रजीच्या वर्गात घालायचं त्यांच्या मनात होतं. आत्याच्या मनात माझं लग्न होतं, स्थळही तिनं पाहून ठेवलं होतं. शेवटी दोघांत ठरलं ते असं: वार्षिक परीक्षेत सगळ्या विषयांत पास झाले तर इंग्रजीचा वर्ग, एका जरी विषयात नापास झाले तर शाळा बंद आणि पुढच्या वैशाखात लग्न. वडिलांनी तसा शब्द दिला. मला कुणी विचारलं नाही.

माझे सगळे विषय चांगले होते. फक्त शिवण नव्हतं.

शिवणाच्या बाई पुस्तकातली कृती फळ्यावर लिहीत आणि आम्ही ती पाठ करत असू. त्या वर्षी काज होतं. ‘प्रथम गुंडीच्या मापाचा सरळ छेद द्यावा. नंतर छेदाच्या कडेनं डावीकडून उजवीकडे समान अंतरावर टाके घालावेत.’ पन्नास मुली हे सुरात म्हणत. मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणे. पण मांजरपाटाच्या तुकड्यावर छेद दिला की कडा पिंजायच्या, धागे सुटायचे आणि काजाच्या जागी उंदरानं कुरतडल्यासारखं भोक उरायचं.

घरात विचारायचं कुणाला? आत्या गोधडी अशी शिवायची की तीन पिढ्या पांघराव्यात. आईचाही हात चांगला होता. पण आमच्या घरात गुंडीच नव्हती. बायकांच्या चोळीला गाठ, पोरांच्या अंगरख्याला बंद. सगळ्या घरात गुंड्या होत्या त्या एकाच कपड्याला, वडिलांच्या दरबारी कोटाला. मी तो कोट खुंटीवरून काढून उजेडात धरला. सात काजं, एकाचाही धागा हललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना मी थेट तो कोट शिवणाऱ्या शिंप्याच्या दुकानात गेले. गंगावेशीजवळच्या बोळात त्यांचं दुकान होतं आणि मागे घर. ते मुसलमान होते, वयस्क होते, दरबारातल्या निम्म्या कारकुनांचे कोट तेच शिवत. म्हणाले, “काज मी न्हाय करत पोरी. काज घरात करत्यात. जा आत.”

आत त्यांची बायको बसलेली. सगळा बोळ तिला चाची म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. मी उभ्या उभ्या फळ्यावरची सगळी कृती म्हणून दाखवली. तिनं मान वरही केली नाही.

“झालं?”

“झालं.”

“मग आता तोंड मिट आन् बस.”

तिनं मला पुढ्यात बसवलं, पाठीमागून माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि माझ्याच हातांनी एक काज केलं. एक शब्द बोलली नाही. मग दुसरं केलं. तिसऱ्याला मला कळलं की आम्ही अजून कापड कापलेलंच नाही. आधी नुसत्या खुणेभोवती बारीक टीप, मग त्या टिपेवर काजाचा टाका, आणि सगळ्यात शेवटी मधोमध छेद.

मी म्हणाले, “चाची, छेद आधी द्यायचा असतो. पुस्तकात आहे.”

“शेतात आदी बांध घालत्यात का आदी पानी सोडत्यात?”

एवढंच एक वाक्य. बाकी सगळं हातानं. काज चुकलं की ती रागवत नसे, उसवून तुकडा परत माझ्या मांडीवर टाकी. एकदा पदरानं माझे डोळे झाकले आणि अंगठ्यानं टाके मोजायला लावले. कुठे दोन टाक्यांत जास्त अंतर पडलंय ते माझ्या अंगठ्याला डोळ्यांआधी कळायला लागलं. ते कसं कळतं हे तिला सांगता आलं नसतं, आणि आज मलाही येत नाही.

मी चोरून जात नव्हते. पहिल्याच दिवशी आत्यानं दारात विचारलं, “कुठं उलथली होतीस?”

“शिंप्याच्या घरी. काज शिकायला.”

“मुसलमानाच्या घरात जाऊन बसलीस? विहिरीवर चल आधी!”

आंघोळ झाली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. पुन्हा आंघोळ. पौषातली थंडी होती. रोज काज आणि रोज आंघोळ असं महिनाभर चाललं, शेवटी रहाट ओढून ओढून आत्याच दमली.

परीक्षेला बाहेरून परीक्षक बाई आल्या. वर्गातून फिरत त्या माझ्यापाशी थांबल्या. मी टीप घालत होते.

“छेद कुठाय?”

“शेवटी देणार आहे.”

“पुस्तकात आधी आहे.”

“हो. म्हणून दाखवू?” आणि मी सगळी कृती एका श्वासात म्हटली.

“येतं तर तसं का करत नाहीस?”

“तसं केलं की उसवतं, बाई.”

त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “शिंप्याची बायको परीक्षा घ्यायला आलेली नाही. नवा तुकडा घे आणि पुस्तकाप्रमाणे कर.”

नवा तुकडा समोर होता, कातरीही होती. पुस्तकाप्रमाणे कसंबसं केलं असतं तर पास झाले असते, हे मला तेव्हाही कळत होतं. वैशाख डोळ्यांसमोर होता. तरी माझा हात कातरीकडे जाईना. मी चाचीच्या पद्धतीनं काज पूर्ण केलं, शेवटी छेद दिला आणि तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

निकाल लागला. गणितात पहिली. शिवण: नापास.

आत्यानं देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी गुणपत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मी शब्द दिलाय.” मी एक काज पुढे धरून म्हणाले, “मला काज येतं. ओढून पाहा.” त्यांनी ओढून पाहिलं नाही. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि सून म्हणून कुणाच्या घरी जाणार नाही असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील दरबारात निघायच्या वेळी चाची अंगणात आली. ती आमच्याकडे कधी आली नव्हती. निकालापासून मी दिसले नाही म्हणून आली होती. आईनं तिला सारं सांगितलं. वडील कोटाच्या गुंड्या लावत ओसरीवर आले.

“साहेब, पोरगी नापास झाली म्हनं?”

“हो. काज चुकलं.”

“चुकलं म्हंजे उसवलं?”

“उसवलं नाही. पद्धत चुकली. छेद शेवटी दिला.”

“आन् तुमच्या कोटाची काजं कुनी केल्यात?”

“तुमच्या मालकांनी.”

“त्यो कशाला करतोय! त्येला काज येत न्हाय. बारा वरसं तुमच्या समद्या कोटांची काजं ह्या हातानं केल्यात. समदी छेद शेवटी दिऊन.” ती पायरीपर्यंत आली. “म्हंजे तुमी रोज नापास कोट घालून दरबारात जातायसा की!”

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. आत्या म्हणाली, “ही कोण आम्हाला शिकवणार?” चाची म्हणाली, “तुमाला न्हाय वं आक्का. तुमच्या पोरीला शिकवून झालंय.”

वडिलांनी खाली आपल्या कोटाकडे पाहिलं. मग त्यांनी मधल्या गुंडीचं काज दोन्ही हातांनी धरून जोरात ओढलं. काही झालं नाही. ते मला म्हणाले, “दप्तर घे.”

आत्या ओरडली, “शब्द दिला होतास!”

“दिला होता,” ते म्हणाले, “आणि तो मोडतोय. काय म्हणायचंय ते मला म्हण, तिला नको.”

शाळेच्या मोठ्या बाईंनी मला इंग्रजीच्या वर्गात घेतलं. निकाल मात्र बदलणार नाही म्हणाल्या. शिवणापुरतं वर्षभर खालच्या वर्गात बसावं लागेल. बसले. माझ्याहून वर्षानं लहान मुलींच्या रांगेत, मांडी घालून. बाई फळ्याकडे वळल्या की मी शेजारणीचे हात हातात घेत असे. ती पुढचीचे घेई. तोंडानं सगळ्याजणी कृती म्हणतच होत्या.

वर्ष संपलं. त्याच परीक्षक बाई आल्या, पहिल्या रांगेपाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, “छेद कुठाय?”

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “शेवटी!”

सगळ्या वर्गाला नापास करता येत नाही. आम्ही पास झालो. पण आधीच्या वर्षीच्या गुणपत्रकावर ‘नापास’ तसंच आहे. पुढे मी स्वतः एका शाळेची मोठी बाई झाले तेव्हा कुणीतरी सुचवलं, जुनं आहे, दुरुस्त करून घ्या. मी घेतलं नाही.

पत्रासोबत मांजरपाटाचा तुकडा पाठवते आहे. काज कालच केलं, चष्मा न लावता. दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढा, हवं तेवढं. मग त्या चौकटीत ‘बी.ए., इंग्रजी’च्या आधी लिहा: काज, शिंप्याच्या घरी.