उंब्रजच्या आक्कांनी ऐकलेली माझी कादंबरी

मंडळी, दुपारपासून मन भरून आलंय, म्हणून लगेच सांगतेय.

माझी कादंबरी कुणी छापेना, तेव्हा मी तिचं ई-बुक केलं. फेसबुकवर उतारे टाकायचे, गटागटांत लिंक पाठवायचे. लाइक यायचे, पण खरंच कुणी वाचतंय का, कळायचं नाही. आता पुरे, असं ठरवलं होतं.

तेवढ्यात उंब्रजच्या एका मुलीचा मेसेज आला, "आमच्या आक्कांना भेटाल का?" आज साताऱ्याहून सांगलीला परतताना थांबले.

आक्कांना दिसत नाही. त्यांचा मोबाइल माझी कादंबरी मोठ्यानं वाचत होता आणि शेजारच्या बायका कान देऊन बसल्या होत्या. त्या सपाट, यंत्राच्या आवाजातली माझीच वाक्यं ऐकून अंगावर काटा आला.

मी नाव सांगताच आक्कांनी माझा हात घट्ट धरला. "आवं ताई, शेवटाला इंदूला एकटी कशापायी ठिवली? आमच्याकडं धाडायची की! आमी हाय न्हवं इतक्या जणी?"

कादंबरीतली इंदू मी मनानं रचलेली. आणि इथं तिच्यासाठी जागा करून बसलेलं अख्खं घर!

घरी येऊन नवा उतारा टाकलाय.

तुमचं लिखाण कुणाच्या घरात पोचलंय, कधी जाऊन पाहिलंय का?