लाईन गेली की कौशल्याबाईचं पुस्तक

तिवस्यात वीज गेली की मोठी माणसं महावितरणच्या नावानं बोटं मोडतात आणि पोरं मोबाईल काढतात. कारण वीज गेली म्हणजे कौशल्या तायडेची पिठाची चक्की बंद पडली. आणि चक्की बंद पडली म्हणजे कौशल्या आता मोबाईलवर व्हिडिओ करून कुठल्या तरी पुस्तकाबद्दल बोलणार. एरवी त्या घरघराटात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं मोबाईलला काय डोंबल ऐकू जाणार? म्हणून तिचं सगळं बोलणं विजेच्या मर्जीवर. वीज आली की पट्टा फिरतो, दळणाचे डबे सरकायला लागतात, आणि बोलणं असेल तिथं तुटतं.

व्हिडिओत कौशल्या दिसत नाही. चक्कीचं निळं दार दिसतं आणि दाराला टेकवलेलं पुस्तक दिसतं. "तोंडावर पीठ असते, लेकरं भेतील," असं तिचं म्हणणं. सुरुवात ठरलेली, "लाईन गेली बाप्पा, आता आयका." शेवटही ठरलेला, "आली लाईन. बाकीचं तुमी वाचा." यामुळे तिनं आजवर कुठल्याही गोष्टीचा शेवट फोडलेला नाही. चांगले शिकलेले समीक्षक प्रस्तावनेतच खुनी कोण ते सांगून मोकळे होतात, तो भाग वेगळा.

हे सुरू झालं ते मुलगी आचल आठवीत असताना. तिला शाळेत बक्षीस म्हणून एक जाडजूड कादंबरी मिळाली. पंख असलेल्या मगरीवर बसून मिठाचं वाळवंट ओलांडणाऱ्या एका मुलाची. आचलनं ती उघडलीसुद्धा नाही. कौशल्यानं दोन दळणांच्या मधे सहज उघडली, आणि मगर उडाली तेव्हा मैनाबाईचे गहू हरभऱ्याच्या डाळीवरच पडले. मैनाबाईच्या घरी आठवडाभर बेसनाच्या पोळ्या झाल्या. ती गोष्ट मैनाबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि दळण मात्र दुसऱ्या चक्कीवर नेत नाही.

मग कौशल्यानं अशीच पुस्तकं धरली. दऱ्याखोऱ्यांची, जादूची, हरवलेल्या राज्यांची, बारा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींनी जग वाचवल्याची. अमरावतीला गेली की हातगाडीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती कोंबडीसारखी उकरत बसायची. "ही तर लहान पोरांची पुस्तकं," असं कोणी नाक मुरडलं, तर तिचं उत्तर तयार होतं. "मोठ्याइच्या पुस्तकात माणूस घरातल्या घरात रडून राहते. इथली पोरगी निदान घराबाहेर तं निघते."

तिची पारख तिच्या पद्धतीची होती. पहिला प्रश्न, एवढा डोंगर चढला तो जेवला कधी? न जेवता लढणाऱ्या वीरांवर तिचा विश्वास नाही. दुसरा, जादू फुकट मिळाली का? फुकटची जादू तिला चालत नाही, काहीतरी गमवावं लागलं पाहिजे. आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा, घरी कोण वाट पाहून राहिलं? ज्या लेखकाला मागं राहिलेल्या माणसाची आठवण राहत नाही, त्याला ती सोडत नसे. तिवसा, चांदूर रेल्वे, परतवाडा, कुठकुठली पोरं तिचं ऐकून पुस्तकं मागायला लागली. कौशल्यानं वाईट म्हटलं तर वाईट आणि चांगलं म्हटलं तर चांगलं. खरं सांगायचं तर हेवा वाटावा अशी पत होती ती, आणि ती तिनं एकेका खऱ्या शब्दानं मिळवली होती.

एका उन्हाळ्यात तिनं 'धुक्याची राखण' या कादंबरीवर बोललेलं सगळ्यांत जास्त गाजलं. अकोल्याच्या रागिणी काळमेघ या प्राध्यापिकेची ती पहिलीच कादंबरी. चिखलदऱ्याच्या बाजूच्या एका दरीत असं धुकं आहे, की आत गेलेला माणूस स्वतःचं नाव विसरतो. चिमी नावाची मुलगी हरवलेल्या भावाला आणायला आत शिरते. शेवटी भावाचा हात तिच्या हातात असतो, आणि धुकं म्हणतं, एकाला सोडीन, पण त्याच्या बदल्यात तुझं नाव दे. चिमी तोंड उघडते. कौशल्याच्या प्रतीत गोष्ट इथं संपली होती.

ती खूश झाली. "पुढं काय झालं ते लेखिकेनं सांगितलंच नाई," ती दाराआडून म्हणाली. "समाप्त असं लिहायची बी घाई नाई केली. याले म्हणते हिंमत." आणि लगेच तिसऱ्या प्रश्नावर आली. "पण बाई, एक गोष्ट मले पटली नाई. दोन लेकरं दरीत गेले आन् यायची माय कुठं आहे? पूर्ण पुस्तकात तिले कोणी इचारत नाई. माय इसरणारी लेखिका मोठी कशी होईन?" तेवढ्यात वीज आली. 'माय इसरणारी लेखिका' हे शब्द मात्र पोरांनी उचलले, आणि मग मोठ्यांनीही.

पावसाळा सरल्यावर अकोल्याच्या एका वाचनालयानं मुलांचा मेळावा ठेवला आणि कौशल्याला बोलावलं. रागिणीबाईंशी समोरासमोर बोलायचं होतं. चक्कीवाल्या बाईला स्टेजवर खुर्ची! नवऱ्यानं त्या दिवशी चक्कीला सुटी दिली. कौशल्यानं ठेवणीतली जांभळी साडी काढली आणि आपली जुनी प्रत पिशवीत घातली. अमरावतीच्या स्टँडवर आचल येऊन मिळाली. ती आता तिथं कॉलेजात शिकत होती. लेखिकेची सही घ्यायची म्हणून तिनं नवीकोरी प्रत आणली होती.

बस बडनेऱ्याच्या पुढं निघाली तेव्हा कौशल्यानं नव्या कागदाचा वास घ्यायला म्हणून ती प्रत उघडली, आणि सवयीनं शेवटाकडं गेली. चिमी तोंड उघडते. तिनं पान उलटलं. पुढं आणखी पानं होती.

तिनं पिशवीतली जुनी प्रत काढून शेजारी धरली. तिच्या प्रतीच्या बांधणीत शेवटचा सोळा पानांचा गठ्ठाच राहून गेला होता. पान संपलं तिथं वाक्यही संपलं होतं, इथंच सगळी गोम होती. त्या राहिलेल्या पानांत आई होती. लेकरं गेली त्या दिवसापासून रोज दरीच्या तोंडाशी दोन भाकरी फडक्यात झाकून ठेवणारी, आणि रोज संध्याकाळी त्या वाळलेल्या भाकरी गाईला घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा ताज्या ठेवणारी. त्या भाकरीच्या वासानं चिमीला स्वतःचं नाव आठवतं. मूर्तिजापूर येईपर्यंत कौशल्यानं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरून आले. आणि मग तिला भीती वाटली.

"आचल," ती म्हणाली, "म्या या बाईवर खोटा आळ घेतला वं."

आचलनं दोन्ही पुस्तकं पाहिली. पोरगी हुशार, तिला पुढचं सगळं एका क्षणात दिसलं. "कोणाले सांगू नको आई. तू शेवट सांगतच नाईस हे सगळ्याइले माहीत आहे. लोकाइले समजलं तं म्हणतीन, हे बाई अर्धं पुस्तक वाचून बोलते. मंग कोण आयकीन तुले? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ पिठाची असली तं झाकून काय फायदा? बोटाइच्या फटीतून सांडतेच."

एवढं बोलली खरी, पण अकोला येईपर्यंत ती जुनी प्रत पिशवीत घालत-काढत राहिली. आचलचं खोटं नव्हतं. पदवी नाही, नोकरी नाही, लेखक-प्रकाशकांत ओळख नाही. लोक तिचं ऐकत होते ते फक्त तिनं पुस्तक नीट वाचलेलं असतं म्हणून. तेच गेलं तर उरलं काय?

वाचनालयाचं सभागृह पोरांनी भरलं होतं. रागिणीबाई सुती साडीत, चेहरा हसरा पण थोडा ताठ. सूत्रसंचालकानं माईक पुढं केला आणि कौशल्यानं नमस्कारसुद्धा न करता सांगून टाकलं.

"माह्या पुस्तकात शेवटची सोळा पानं नव्हती. मले आज बसमधी समजलं. म्या म्हटलं, बाई माय इसरल्या. माय होती. मीच तिच्यापर्यंत पोचली नाई. आन् शेवट उघडा ठेवायची हिंमत म्हणून जे कौतुक केलं, ते बी खोटंच. बाई, मले माफ करा."

सभागृहात कोणीतरी हसलं. रागिणीबाईंनी माईक घेतला. "मला वाईट वाटलं होतं," त्या सरळच म्हणाल्या. "ती आई लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बोलण्याआधी पुस्तक पुरं आहे का, एवढं तरी बघायला हवं होतं तुम्ही."

"बरोबर आहे तुमचं," कौशल्या म्हणाली. तिनं सारवासारव केली नाही.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "मावशी, मंग आता पूर्ण वाचलं तं कसं वाटलं?"

आता खरा प्रश्न आला होता. नुकती माफी मागितलेली, लेखिका शेजारी बसलेली. चार गोड शब्द बोलायचे आणि सुटायचं, दुसऱ्या कोणीही तेच केलं असतं. आचलनं खालून डोळ्यांनी तसंच खुणावलं. कौशल्यानं पदरानं तोंड पुसलं.

"भाकरीचं पान असं आहे, का मी ते मरेपर्यंत इसरणार नाई," ती म्हणाली. "पण त्याच्या मागून एक साधूबाबा येते आन् तीन पानं भाषण देऊन राहते. धुकं म्हणजे काय, नाव म्हणजे काय. काहून? भाकरीनं सांगितलं होतं ना सगळं. बाई, माय ठेवा. बाबा काढा."

पोरं खदखदून हसली. रागिणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढं करून ती जुनी प्रत मागितली, शेवटचं पान वाचलं, मग नव्या प्रतीतलं बाबाचं पान वाचलं. "लोकांना कळणार नाही अशी भीती वाटली होती मला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या आवृत्तीच्या आधी तुम्हाला पाठवीन. सगळी पानं मोजून." आता मात्र त्या हसल्या.

परतीच्या बसमध्ये आचल म्हणाली, "झालं ना आई? दोनशे लोकाइसमोर सांगितलं. आता मोबाईलवर कायले सांगतं?"

"ज्यायनं खोटं आयकलं ते अकोल्याले कुठं आले होते?"

पण ते सांगायला वीज जायला हवी होती, आणि गेली नाही. एरवी दिवसातून चारदा जाणारी वीज त्या आठवड्यात सती सावित्रीसारखी वागली. अखेर एका दुपारी पट्टा थांबला. कौशल्यानं निळ्या दाराला दोन्ही प्रती टेकवल्या. "लाईन गेली बाप्पा, आता आयका. आज माही चूक आयका."

ती बसमधल्या पानाबद्दल बोलली, आईबद्दल बोलली, रागिणीबाईंनी काय सुनावलं तेही बोलली. भाकरीपर्यंत आली आणि खोलीतला दिवा लागला. वीज आली होती. रांगेत डबे होते. दारात मैनाबाई उभी होती, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की आता बोलणं तुटणार. कौशल्याचा हात बटणाकडं गेला, आणि तिथंच थांबला.

मैनाबाईनं आपला डबा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बैठक मारली. "बोल तू. माह्ये गहू काही पळून नाई चालले."

तिवस्यात त्या दुपारी वीज असून चक्की बंद होती. कौशल्या अगदी शेवटापर्यंत बोलली. मग तिनं दोन्ही पुस्तकं मिटली. "आली लाईन," ती म्हणाली. "या खेपेले बाकीचं म्या बी वाचलं." आणि तिनं मोटर सुरू केली.