मधला खांब

गुरुबसप्पाचा मांडवाचा धंदा लातुरातला. बांबू आणि सुतळीच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शिकवण्यांचं पेव फुटलं आणि बिचाऱ्याची पंचाईत झाली. क्लासवाल्यांना गुणवंतांच्या सत्काराला सिनेमातल्यासारखं स्टेज हवं झालं. बांबू दिसला की ते नाक मुरडायचे. त्यांना हवा होता ट्रस. म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची ती चकचकीत तुळई, जिच्यावर लाइट टांगतात.

गुरुबसप्पा थेट हैदराबादेला गेला. दुकानात एक ट्रस शिडीसारखा चपटा, एक तिकोनी, एक पेटीसारखा चौकोनी. लांबी वाढवायची असेल तर चौकोनीच घ्या, असं दुकानदार घसा कोरडा करून सांगत होता. गुरुबसप्पाने चौकोनी उचलून पाहिला आणि लगेच खाली ठेवला. जड होता.

आता यात त्याचं काय चुकलं? भूकंपानंतर आपल्याकडे डोक्यावरचं काहीही निवडताना माणूस आधी वजन बघतो. त्याची बायको गुणाबाई गावाकडच्या माळवदाखाली गेली, दगडमातीच्या त्या छताखाली. गुरुबसप्पा तेव्हा लातुरात गणपतीचा मांडव उतरवत होता आणि लहानगी लेक शिवकांता हट्टाने त्याच्याबरोबर आली होती, म्हणून दोघं वाचली. डोक्यावर हलकंच असावं, एवढं त्याला त्या दिवसापासून पाठ होतं. त्याने चपटा ट्रस घेतला. दुकानदाराने कपाळावर हात मारून घेतला.

शिवकांता नांदेडच्या एका क्लासात शिकली आणि बारावीला चमकली. क्लासच्या शरदचंद्र सरांनी सत्काराचा मांडव तिच्याच बापाला सांगितला. गुरुबसप्पा हरखून गेला. स्टेज रुंद होतं, म्हणून त्याने दोन ट्रस टोकाला टोक जोडून लांबी वाढवली. मध्ये खांब घ्यायचा नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती, कारण मागे सरांचाच भलामोठा फोटो होता.

लाइट चढले आणि ट्रस मधोमध वाकला. गुरुबसप्पाने थोडे लाइट उतरवले, तसा तो जरा वर आला. परत चढवले, परत वाकला. हलकं ते धोक्याचं नसतं, मग हे असं का करतंय? त्याचं डोकं चालेना.

सर म्हणाले, “थोडं लवलंय, पण पडलं का? खांब लावलात तर इथून पुढे आमचं काम विसरा.”

“सर, ह्ये धरंल का न्हाई, मलाच कळंना झालंय.”

तेवढ्यात शिवकांता नवा ड्रेस घालून आली आणि नेमकी त्या वाकलेल्या जागेखाली उभी राहिली. “आप्पा, हितंच घेणार मी बक्षीस!”

“भायेर ये! शिवे, आधी भायेर ये!”

खुर्च्या लावणारी माणसं वळून बघायला लागली. गुरुबसप्पा स्वतःच दचकला. हीच हाक त्याला गुणाबाईला मारायची होती. तेव्हा तो तिथे नव्हता.

मग त्याने कुणाला विचारलं नाही. जोडाखाली लोखंडी खांब ठोकला. फोटोतल्या सरांच्या चेहऱ्याचे दोन तुकडे झाले आणि गुरुबसप्पाचं नांदेडचं काम कायमचं गेलं.

सत्कार पार पडला. बाकीच्या पोरांना सरांनी खांबाच्या बाजूला घेऊन बक्षिसं दिली. शिवकांताच्या वेळी मात्र ते फुरंगटून पलीकडे सरकले आणि ती खांबाआड गेली.

सत्काराचा फोटो आला तेव्हा ती रडली. “आप्पा, समद्यांचे चेहरे आले. माझाच आर्धा तुमच्या खांबात गेला.”

खांब नसता तर ट्रस खरंच पडला असता का? तो अजून दुकानात येईल त्याला विचारतो. कुणी हो म्हणतं, कुणी हसतं, आणि त्याचा गोंधळ वाढतच जातो.

तो फोटो त्याने दुकानात लावला आहे. गुणाबाईचा एकही फोटो त्याच्याकडे नाही, सगळे घराबरोबर गेले. शिवकांता आता डॉक्टरकीला आहे. सुट्टीत आली की म्हणते, “आप्पा, काढा की त्यो. आर्धीच दिसायलेय मी.”

गुरुबसप्पा फडक्याने काच पुसतो आणि म्हणतो, “आर्धी का व्हईना, हायेस की.”