आतली कडी

आमच्या गावात दाराला आतून कडी नसते. चांगल्या माणसाला लपवायचं काय असतं, असं लहानपणापासून शिकवतात. शेजारी केव्हाही आत येऊन बघून जातात. त्याला आपुलकी म्हणतात.

माझा जावई सुतार, आणि बाहेरचा. ऊठसूट 'कशाला?' विचारायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव कशालाराव ठेवलं. मीही टोकायचे, "जावईबापू, सगळे मूर्ख आणि तुम्ही एकटे शहाणे का?" तो हसून रंधा मारत राहायचा.

मग माझ्या लेकीचं मूल जन्मतःच गेलं. शेजारणी खोलीत ठाण मांडून बसल्या. तिला रडू आलं की हनुवटी धरून म्हणायच्या, "एकटीनं रडायचं नाही हं. हस बघू." एका दुपारी जावयाने लाकडाचा तुकडा तासला आणि दाराला आतून कडी बसवली. लेक आत गेली, कडी लावली आणि पोटभर रडली. मी बाहेर बसून ऐकत होते. मला जावयाचे पाय धरावेसे वाटले.

गल्लीत बोंब झाली. पण त्याच बायका एकेक करून येऊ लागल्या, ताकाला जाऊन भांडं लपवत. "हात चांगला आहे हो तुमचा... आमच्या मोरीलाही दार आहे म्हटलं." त्याने कुणालाच नाही म्हटलं नाही. प्रत्येक कडीवर अंगठा टेकायला खोलगट खाच कोरायचा, ती त्याची सवय.

शेवटी कड्यांची खबर लागून सरकारी तपासनीस आले. त्याला चौकात उभं केलं आणि म्हणाले, "ज्यांना कडी हवी, त्यांनी याच्या शेजारी येऊन उभं राहावं." सगळ्या गल्लीने मिठाची गुळणी धरली. मी आणि माझी लेक, दोघीच पुढे गेलो. आम्हाला कोण मोजतंय? घरी हाकललं आणि त्याला घेऊन गेले.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापल्या कड्या उपटून तपासनिसांकडे नेऊन दिल्या. वर, 'त्याने आम्हाला फसवलं,' असंही सांगितलं. थुंकावंसं वाटतं मला या आपुलकीवर.

काल आम्ही दोघी त्याला भेटायला तुरुंगात गेलो. लांबलचक बोळ, दोन्हीकडे बंद खोल्या. पहारेकऱ्याने एका दाराच्या कडीवर अंगठा टेकवला. तीच खोलगट खाच. लेक जागीच थांबली. बोळातल्या प्रत्येक दाराला त्याचीच कडी होती, बाहेरून लावलेली.

"काम पक्कं आहे," पहारेकरी म्हणाला. "आतून कितीही धक्के मारा, हलत नाही."