निळ्या फुलांचा कप

आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्या वर्षी मुलांच्या कार्यक्रमाचा विषय होता, ‘अमेरिकेतल्या समान हक्कांच्या लढ्यातली थोर माणसं’. फ्रँकफर्टमधल्या मराठी मुलांनी अमेरिकेतल्या लढ्यावर का बोलायचं, असं कमिटीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं म्हणे. त्यावर दोन उत्तरं मिळाली. एक म्हणजे मुलांना हे शाळेत आहेच, वेगळी तयारी नको. दुसरं म्हणजे आपल्याकडचे लढे घेतले की उगाच वाद होतात. समुद्रापलीकडचा अन्याय त्या मानाने फारच सोयीचा. त्याच्याविरुद्ध सगळ्यांचं लगेच एकमत होतं आणि नंतर जेवणही गोड लागतं.

थोर माणसांचं वाटप झालं. गाजलेलं भाषण करणारे ते पाद्री व्हायला मुलांची झुंबड उडाली, कारण त्यात काळा कोट घालायला मिळत होता. बसमधली जागा सोडायला नकार देणारी बाई खजिनदारांच्या मुलीकडे गेली, खजिनदार असल्याचा एवढा तरी उपयोग हवाच. आमच्या सांस्कृतिक सचिवबाईंच्या मुलीने मात्र भलतंच काहीतरी निवडलं. फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या हॉटेलात जाऊन कॉलेजची काळी मुलं बसली होती ना, कॉफी मागून, मिळणार नाही हे माहीत असताना, ती मुलं.

“त्यात थोर कोण आहे पण? नुसती बसलीयेत की!” सचिवबाई म्हणाल्या.

“गेनाऊ, मम्मा,” मुलगी म्हणाली. बरोब्बर, नुसतीच बसलीयेत.

या सचिवबाईंना मी वहिनी म्हणायचे. मी जर्मनीत आल्यानंतर पहिल्याच संक्रांतीला त्यांनी मला ताब्यात घेतलं होतं. मी डार्मश्टाटला एकटी राहणारी, सॉफ्टवेअरमधली, पुण्यात वाढलेली. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणं पुस्तकी, आणि ताटात मटण नाही. मटण मी पित्तामुळे सोडलं होतं, पण वहिनींनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. मी कोण, हे त्यांनी मला कधी विचारलंच नाही, कारण तसलं विचारणं त्यांच्या आधुनिक तत्त्वांत बसत नव्हतं. त्यांनी ते परस्पर ठरवून टाकलं आणि चारचौघींत मला ‘आपल्यातलीच आहे’ म्हणायला लागल्या. मी दुरुस्ती केली नाही. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मी आपली जात सांगत नाही, तेही सांगत नाहीत.

मुलीची तालीम घ्यायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी मी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, त्यांच्या घरी जायचे. मुलीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मन यायचं, म्हणून तिच्या चार वाक्यांवर आम्ही तासभर झटायचो. स्वयंपाकघरातला उंच स्टूल म्हणजे हॉटेल. ती त्यावर बसून कॉफी मागायची आणि मी एप्रन बांधून “इथे मिळणार नाही” म्हणायचे. ही भूमिका आपल्या मुलाने करावी असं एकाही पालकाला वाटत नव्हतं. नकार देणारा माणूस कुणाच्याच घरी नव्हता, बहुधा अमेरिकेतच राहिला असावा.

तालीम संपली की चहा. वहिनींचा निळ्या फुलांचा सेट होता, ड्रेस्डेनच्या बाजारातून जपून आणलेला, सहा कप आणि बशा. मला नेहमी त्यातच चहा मिळायचा, बशीत दोन खारी. कागदी कप पाहिला की वहिनींचं डोकंच फिरायचं. कचऱ्याचे वेगवेगळे डबे, काच रंगाप्रमाणे निराळी, आणि मंडळाच्या कार्यक्रमाला प्रत्येकाने आपापला कप घरून आणायचा, हा नियमही त्यांचाच. पृथ्वीची त्यांना मनापासून काळजी होती.

एका रविवारी मुलीने स्टुलावर बसल्या बसल्या विचारलं, हे असलं भारतात होतं का? शाळेच्या पुस्तकात तिला तेवढं सापडलं नव्हतं. आता लेकराने सरळ विचारल्यावर काय करणार? मी तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली.

आजीच्या गावात एसटी स्टँडजवळ चहाचं हॉटेल होतं. आमच्या लोकांनी आत बसायचं नाही. बाहेर खिळ्याला कान तुटलेला एक कप टांगलेला असायचा. तो आपण काढायचा, त्यात वरून चहा ओततील तो प्यायचा, कप विसळून परत टांगायचा. आजी एका बाजाराच्या दिवशी आत जाऊन बाकड्यावर बसली आणि म्हणाली, एक चहा द्या, आतल्या कपात. मालकाला ती दिसलीच नाही. बाजार उठेपर्यंत ती तिथे बसून राहिली आणि घरी येऊन म्हणाली, “चहा काही मिळाला नाही, पण बाकडं बसायला बरं होतं.” पुढच्या बाजारालाही गेली. असं करता करता एकदा मालकाने चिडून चहा आणून आदळला, आणि तिने पिऊन ठेवलेला कप तिच्या देखत दगडावर फोडला.

“मग?” मुलीचे डोळे एवढे मोठे झाले होते.

“मग आजी म्हणाली, बघू किती कप फोडतोस. आणि दर बाजारी जायला लागली.”

मुलगी स्टुलावरून खाली उतरली आणि म्हणाली, हे मी कार्यक्रमात घेणार.

घरी रात्री जेवताना तिने आईला विचारलं असणार, मावशीच्या आजीला आत का बसू देत नव्हते म्हणून. मला कुणी फोन केला नाही, कुणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी तालीम नेहमीसारखी झाली. मग वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांच्या आणि मुलीच्या हातात निळी फुलं होती, माझ्यासमोर कागदी कप होता. कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतो तसा, वर प्लॅस्टिकचं झाकण.

“म्हटलं तुला ट्रेनची घाई असेल. जाता जाता पिता येईल,” वहिनी म्हणाल्या.

त्या घरात कागदी कप कुठून आला असेल, हा मला पडलेला पहिला प्रश्न. मुद्दाम विकत आणावा लागला असणार. माझ्यासाठी त्यांनी पृथ्वीचा बळी दिला होता, माणसाने आणखी किती मान द्यावा! रस्ताभर मी मनातल्या मनात असले विनोद करत गेले, आणि स्टेशनवर पोचल्यावर मला रडू आलं. राग नंतर आला. आधी नुसतं वाईट वाटलं, कारण ती बाई मला आवडायची. तापात माझ्यासाठी मुगाची खिचडी घेऊन डार्मश्टाटपर्यंत आलेली बाई होती ती.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मला ट्रेनची घाई असायची.

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना वहिनींनी मला गॅलरीत बाजूला घेतलं. “अगं, ते शेवटचं तुझ्या आजीचं काढूया का? चांगलंच आहे, प्रश्नच नाही. पण विषय अमेरिकेचा आहे ना. आणि आल्झो, म्हणजे, आम्ही घरात हे काही मानत नाही, तुला माहितीये. लोकांच्या मनात उगाच काहीतरी येतं. तू सांगितलंस तर ऐकेल ती.”

“मी नाही सांगणार वहिनी. तुम्ही सांगा,” मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं असावं. पण जर्मन शाळेत शिकणारी पोर, तिने ‘वारुम’ विचारलं असणार. का? आणि त्याचं उत्तर द्यायचं तर घरात जे मानत नाही तेच उच्चारावं लागलं असतं.

कार्यक्रम झाला. काळ्या कोटातले पाद्री एकामागून एक येऊन गेले. मग आमची मुलगी स्टुलावर बसली, मी एप्रन बांधून नकार दिला, आणि ती प्रेक्षकांकडे वळून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “मावशीची आजी पण बसली होती. महाराष्ट्रात. तिला कोणी थोर नाही म्हणत.” हे शेवटचं वाक्य आम्ही पाठ केलेलं नव्हतं. मग तिने कपांची गोष्ट सांगितली. सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बायकांनी डोळे पुसले. लोक वहिनींना भेटून सांगत होते, काय संस्कार आहेत हो! वहिनी म्हणत होत्या, आमच्याकडे असल्या विषयांवर मोकळेपणाने बोलणं होतं. सगळे संस्कार त्यांच्या खात्यात जमा होत होते आणि मी एप्रनची गाठ सोडत होते.

संध्याकाळी कमिटीतली मंडळी वहिनींच्या घरी चहाला जमली, मलाही बोलावणं होतं. ट्रे आला. निळी फुलं सगळ्यांच्या हातात गेली आणि माझ्यापुढे झाकणवाला कप आला.

“मला घाई नाहीये वहिनी,” मी म्हटलं. “कपात द्या. मी थांबते.”

आवाज मी चढवला नव्हता. खजिनदार खारीकडे टक लावून बघायला लागले. वहिनी म्हणाल्या, अगं, कप कमी पडलेत. कपाटाच्या काचेतून उरलेला एक सगळ्यांना दिसत होता. मी खुर्चीत नीट मागे टेकून बसले. सोफ्याच्या हातावर बसलेली मुलगी एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे बघत होती, आणि तिला आता सगळं कळलं आहे हे वहिनींना दिसलं. मला वाटतं, त्यांना खरी भीती तिचीच होती. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि मला चहा आणून दिला. बशीत खारी नव्हती. चहा चांगला झाला होता, मी सावकाश प्यायले.

पुढच्या रविवारी मी एप्रन परत द्यायला गेले. तालमी संपल्या होत्या, पण वस्तू ज्याची त्याला परत करावी. त्यांच्या फाटकाबाहेर, फुटपाथवर पुठ्ठ्याचं खोकं होतं. इथली रीतच आहे, नको असलेलं सामान बाहेर ठेवायचं आणि वर ‘त्सू फेरशेंकन’ लिहायचं, म्हणजे कुणीही फुकट न्या. खोक्यात तुकडे जुळवायचं एक जुनं कोडं, बागकामाची पुस्तकं, आणि वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेला निळ्या फुलांचा एक कप होता, बशीसकट. त्याला टवका नव्हता, चीर नव्हती. उचलून बघितला, कानही शाबूत होता.

आमच्या आजीच्या काळात फोडायचे. आता वस्तू वाया घालवत नाहीत, एवढी प्रगती झाली आहे खरी. मी तिथेच फुटपाथवर उभी राहून मोठ्याने हसले. समोरच्या म्हाताऱ्या जर्मन बाईने खिडकीतून बघितलं.

कप आणि बशी मी एप्रनमध्ये गुंडाळून पिशवीत टाकली आणि बेल दाबली. दार वहिनींनीच उघडलं. आधी त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली, मग माझ्यामागे खोक्याकडे.

“चहाला आलेय वहिनी,” मी चपला काढत म्हटलं. “अजून पाच आहेत ना?”