मधली रेघ

साक्कोट्टैहून मामीचा फोन आला, "मामा गेले गे…" आणि माझा हात आपोआप पाठीमागे लपला. पन्नाशीकडे आले, तरी! शेषूमामांनी मला इंग्रजी शिकवली ती मारून. आज महिना झाला, आता कुठे लिहायला बसले आहे.

घरात आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ. इंग्रजी आणली ती मामांनी. ते शाळेत मास्तर. संध्याकाळी कुंभकोणमला माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, शिवणाच्या दुकानात येत. कापायच्या टेबलावर काळ्या अस्तराचा तुकडा पसरायचा, शिंप्याच्या खडूनं मधोमध उभी रेघ ओढायची. डावीकडे समानार्थी शब्द, उजवीकडे विरुद्धार्थी. 'काइंड'च्या सोबतीला 'जेंटल' आठवलं नाही, की कापड मोजायचा लाकडी गज सपकन तळहातावर. "'फेअर' म्हणजे गोरी, जत्रा… आणि?" 'न्याय्य' हा अर्थ माझा नेमका सुटायचा. पुन्हा गज.

अप्पांना हे शिकणंच नको होतं. "मास्तर, दहावी झाली की ती मशिनीवर बसेल," ते बजावत.

एकदा मी अस्तर समजून नवरदेवाच्या कोटाच्या काळ्या कापडावरच रेघ ओढली, शब्द लिहिले. चूक कळताच शब्द झटकले, रेघ राहिली. चहा पिऊन अप्पा आले, ती आपलीच खूण समजून त्यांनी कात्री चालवली… कापडाचे दोन तुकडे! त्यांनी माझी वेणी धरून डोकं टेबलावर आपटलं. नाकातून रक्त आलं. मग कात्री उगारली, तेव्हा मामांनी पातं उघड्या हातानं पकडलं.

"सोडा भावजी. रेघ मी ओढली."

"खोटं बोलतोस, मास्तर?"

"मीच ओढली. आणि आता हिला घरी नेतो. तुमच्या मशिनीवर ही बसायची नाही."

रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. कोटाच्या एका तुकड्याचा कोपरा जखमेला गुंडाळून, त्याच हातानं माझं मनगट धरून ते दुकानाबाहेर पडले. त्यांची दोन बोटं कायमची ताठली. मला वाटलं, मार संपला. पंधराव्या दिवशी त्यांनी गज डाव्या हातात घेतला… "हा हात धड आहे की गे!"

"अय्यो, लाज कशी नाही?" मामी किंचाळली.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, ती मामांमुळे. मार विसरले नाही, उपकारही नाही.

बाराव्याच्या दिवशी मामीनं त्यांची पेटी उघडली. आत कोटाचा तो अर्धा तुकडा होता, एक कोपरा वाळल्या रक्तानं ताठ. आता तो शाळेतल्या माझ्या टेबलावर असतो. मुलींना शब्द शिकवताना मी फळ्यावर आधी उभी रेघ ओढते. एखादी अडखळते, आणि माझा हात उठू लागतो… मग मी तो त्या ताठ कोपऱ्यावर टेकवते, आणि शब्द पुन्हा विचारते.