गच्चीवरच्या ड्रमची सुटका

रविवारी सकाळी आमच्या फणसवाडीतल्या बिल्डिंगच्या गच्चीवर मीटिंग झाली. अजेंड्यावर एकच विषय... माझा खताचा ड्रम ठेवायचा की भंगारवाल्याला द्यायचा.

चूक माझीच होती, आधीच कबूल करते. गणपतीनंतर मी हौसेने ड्रम आणला आणि आठ घरांतला ओला कचरा गोळा करायला लागले. सालं, निर्माल्य, कोलंबीची टरफलं... आणि वास येऊ नये म्हणून झाकण घट्ट, वर दोन विटा.

आठव्या दिवशी झाकण उघडलं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या धडाधड बंद झाल्या. वर मी शहाणी, त्यातलंच काळं पाणी कुंड्यांतल्या मिरचीला घातलं. रोपांनी दोन दिवसांत माना टाकल्या. सेक्रेटरी देसाईकाकांनी नाकाला रुमाल लावूनच दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

तेव्हा धावून आले शेजारचे आबा. मूळचे मालवणकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, कॉटन ग्रीनच्या गोदामातून रिटायर झालेले. आता काय करू, असं मी विचारलं तेव्हा ड्रममध्ये डोकावून म्हणाले, "गो बाय, सगळां ओलांच घातलंस. सुक्यां खंय आसा? आणि ह्येका वारो लागाक नको?"

मग आम्ही ड्रमला भोकं पाडून घेतली. ठाकूरद्वारच्या नारळवाल्याकडून मी शेंड्या आणल्या, सुताराकडून भुसा. ओल्याचा एक थर, त्यावर सुक्याचा जाड थर, आणि दर तीन दिवसांनी ढवळायचं... ऑफिसला जायच्या आधी मी काठी घेऊन घामाघूम आणि आबा खुर्चीत बसून सूचना देणार. वैताग यायचा, पण वास गेला होता.

तर दिवाळीनंतरच्या या रविवारी... देसाईकाकांचा रुमाल तयारच होता. मी सगळ्यांसमोर ड्रम सरळ ताडपत्रीवर ओतला. काळं, मोकळं, भुसभुशीत खत! बाजूला मिरचीचं वाचलेलं एक रोप, याच खतावर पुन्हा फुलावर आलेलं.

काकांनी मूठभर उचललं, वास घेतला, पुन्हा घेतला. म्हणाले, "चांगलं आहे. कुठून मागवलंस?"

"तुमच्याच घरातून, काका. दोन महिन्यांची सालं आहेत."

देसाईकाकू सगळ्यात आधी हसल्या. ड्रम तर राहिलाच, शिवाय दुसरा ड्रम आता सोसायटी घेणार आहे. तुळशीला घालायला खत हवं म्हणून पिशव्या घेऊन रांग लागली, आणि मी मापाने वाटत होते... काय सांगू, कॉलर ताठ!

खाली उतरताना आबांना थँक्यू म्हटलं. ते जिन्यातच थांबले. "मुंबैत येवन पन्नास वर्सां झाली. शेतीतलां माका कोणी पयल्यांदाच इचारल्यान."

इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना फक्त 'पेपर आला का' एवढंच विचारत होते. आबा, खूप खूप थँक्यू... आणि एवढ्या उशिरा विचारलं, त्याबद्दल सॉरी.